शाळेच्या ओसरीवरची मूर्ती

इतिहास मला चांगला शिकवता येत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण विनय मला कधी जमला नाही आणि आता या वयात तो शिकायची हौसही नाही. सत्तरच्या दशकात परभणी जिल्ह्यात मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा माझ्याबरोबरचे सगळे गणित मागून घेत. गणिताच्या मास्तरला गावात मान असे. इतिहास उरेल त्याच्या गळ्यात पडे. मी तो मागून घेतला, तेव्हा पंगतीत बसून कुणी नुसतं मीठ मागावं तसं हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

गाव बोरीच्या पलीकडे, कच्च्या रस्त्यानं आत. बोरीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी नाहीतर आपले पाय. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत, पुढे लांबलचक ओसरी. हेडमास्तर मनानं चांगले होते, पण कागदाला फार भीत. नवी कुठलीही गोष्ट काढली की ‘वर विचारावं लागेल’ म्हणत, आणि वर कधीच विचारत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सल्ला दिला की पोरांकडून सनावळ्या घोकून घ्या, बाकीचं आपोआप येतं. मी वाट पाहिली. आपोआप काही आलं नाही. पोरांना पानिपतच्या लढाईचं साल येत होतं, आणि पानिपत हे गाव आहे की माणूस, हे त्यातल्या निम्म्यांना सांगता येत नव्हतं.

मग मी पुस्तक मिटलं आणि वर्ग उठवून गावाबाहेरच्या बारवेवर नेला. प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि शिसपेन्सील. बारव काढा म्हटलं. पायऱ्या किती रुंद, कोनाडे कुठे, कोनाड्यांत काय, जे दिसतं ते काढा, जे दिसत नाही ते काढू नका. खोडरबर मी गोळा करून माझ्या पिशवीत टाकले होते, कारण रबर हातात असलं की पोरं बघत कमी आणि खोडत जास्त. बारव काढता काढता एकानं विचारलं, ही बांधली कुणी? दुसऱ्यानं विचारलं, एवढी कामून बांधली? मला हवं होतं ते हेच. त्या दिवसापासून माझा तास म्हणजे अर्धा चित्रकलेचा आणि अर्धा इतिहासाचा झाला. वेस झाली, मारुतीच्या देवळाचे खांब झाले, दर्ग्याची जाळी झाली. हेडमास्तर वर्गावरून जाताना मान हलवत. चांगल्या अर्थानं हलवत की वाईट, ते मी कधी विचारलं नाही.

आता मूर्तीचं सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या नाल्यावर बांधाचं काम निघालं होतं. अख्खं गाव खोदायला जात होतं, जमीनवालेसुद्धा. तिथे आमच्या वस्तीतल्या एका बाईच्या कुदळीखाली दगड लागला. आमच्या म्हणजे बौद्ध वस्तीतल्या. मी परभणीची, माझे वडील कचेरीत कारकून, छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी लहान होते. गावात मला भाड्यानं खोली मिळाली ती त्याच वस्तीत. तर त्या बाईनं माती बाजूला केली, तेव्हा मांडी घालून बसलेली, मांडीवर हातावर हात ठेवलेली काळ्या दगडाची मूर्ती निघाली. मान तुटलेली, डोकं नाही, अंगावर मातीचं पुट तसंच.

आमच्या मुलखात जमिनीतून आकाराचा दगड निघाला की लोक आधी शेंदूर लावतात आणि मग हा कोण म्हणून विचारतात. कामावरच्या बायकांनी तेच केलं. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या काकू होत्या, त्यांनी घरून शेंदूर आणि तेल आणवलं आणि मूर्ती खांद्यापासून मांडीपर्यंत लिंपून टाकली. पुढे दर शनिवारी त्या न चुकता नवा थर देत. थरावर थर चढून मूर्तीला चांगलं जाड अंग आलं. म्हातारी माणसं म्हणायची, भग्न मूर्ती पुजू नये, दुधना नदीत सोडून द्यावी. काकूंनी कुणाला दाद दिली नाही. त्यांचं म्हणणं, दुष्काळात जो देव वर आला त्याला पाण्यात बुडवायचं पाप मी करणार नाही.

दुष्काळ सरला. वस्तीत विहार बांधायचं ठरलं, भिंती उभ्या राहिल्या, आणि तेव्हा प्रश्न निघाला. जिच्या कुदळीला मूर्ती लागली तीच बाई उभी राहिली आणि म्हणाली की मांडी घालून, डोळे मिटून असा बसणारा दुसरा कोण? तो आमचा बुद्ध आहे. मी त्याला वर काढला, तुम्ही त्याला शेंदूर फासला. डोळ्यांचं कसं कळलं असं कुणी तिला विचारलं नाही, कारण तिच्या तोंडी लागायची छाती गावात फार जणांना नव्हती. दुसरी बाजू म्हणे, हा नाथपंथी जोगी, आमच्या वाडवडलांचा. दोन्ही बाजूंनी बैठका झाल्या. तहसीलला कळवलं, तिथून ‘येऊन पाहू’ असं उत्तर आलं आणि कुणी आलं नाही. शेवटी तंटा वाढू नये म्हणून सरपंचांनी मूर्ती गाडीत घालून शाळेच्या ओसरीवर आणून ठेवली. निकाल लागेपर्यंत ती सगळ्यांची.

मग सरपंच माझ्याकडे आले. म्हणाले, “बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमीच सांगून टाका एकदाचं.”

मी काही दुधखुळी नव्हते. मी बुद्ध म्हटलं असतं तर अर्धं गाव म्हणालं असतं, बाई त्यांच्यातलीच. नाही म्हटलं असतं तर मला माझ्याच वस्तीत पाणी भरणं मुश्कील झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला नक्की कळतही नव्हतं. बी.ए.ला मूर्तींवर आम्हाला अर्धं पान होतं आणि त्यात चित्र नव्हतं. मनातून मात्र मला तो बुद्धच असायला हवा होता. रोज सकाळी वर्गात जाताना मी त्या शेंदराच्या गोळ्याकडे बघायची आणि आपलं माणूस उन्हात बसलंय असं वाटायचं.

मी सरपंचांना म्हटलं, मी सांगणार नाही, माझी सातवी सांगेल. सातवीत सगळ्या घरांतली पोरं होती. कुदळवाल्या बाईची मुलगी होती, शेंदूरवाल्या काकूंचा मुलगा होता. त्यांना औरंगाबादला वस्तुसंग्रहालय दाखवायला नेते, तिथे अशा मूर्ती ओळीनं आहेत. पोरं बघतील, काढतील, परत येऊन सांगतील. आपल्याच लेकरांना तुम्ही खोटं म्हणणार का? सरपंच हसले आणि कबूल झाले. दोन्ही बाजूही कबूल झाल्या, कारण प्रत्येक बाजूला आपली पोरं हुशार वाटत होती.

हेडमास्तर तेवढे अडले. वर विचारावं लागेल. मी म्हटलं, तुम्ही विचारा, उत्तर येईपर्यंत आम्ही जाऊन येतो. मग त्यांनी दुसरं काढलं. मुक्काम पडणार, जेवणाचं काय, घरंघरं वेगळी, पंगती वेगळ्या बसवा, उगाच बोंब नको. माझा आवाज चढला. मी त्यांना सांगितलं की मी इतिहास दाखवायला निघालेय, तो पुन्हा घडवायला नाही. सगळ्यांच्या भाकरी एका धोतरात पडतील आणि हाताला लागेल ती ज्याची त्यानं खायची. ज्याच्या घरी चालणार नाही त्यानं घरी थांबावं. एकही पोरगं थांबलं नाही. अजबखाना बघायला मिळतोय म्हटल्यावर धोतराची फिकीर कोण करतो? बोरीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहतानाच भाकरीचं गाठोडं सोडावं लागलं.

अजबखाना हा वस्तुसंग्रहालयाला तिथला जुना निजामी शब्द. त्यामुळे तिथे दोन डोक्यांचं वासरू असणार, अशी पोरांची पक्की समजूत होती. वासरू नव्हतं. दारातच सगळ्यांनी चपला काढल्या, ज्यांना होत्या त्यांनी. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या दालनात काचेच्या कपाटात पाटा-वरवंटा ठेवला होता आणि खाली पाटी, हजारो वर्षं जुना म्हणून. माझी एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, “आमचा ह्याच्यापरीस जास्ती घासलेला हाय.” पहारेकऱ्याला हसू आवरलं नाही. मला ते वाक्य फार आवडलं. पुढचे कितीतरी तास मी त्यावर शिकवले. झिजण्याला किती काळ लागतो, कोणत्या हातांनी झिजतं, असं.

मूर्तींच्या दालनात मात्र घोटाळा झाला. काकूंच्या मुलाच्या पिशवीत आईनं नारळ दिला होता. एवढे देव एका जागी आणि रिकाम्या हातानं जायचं कसं! मी वळून पाहिलं तेव्हा तो उंबऱ्यावर नारळ आपटायच्या बेतात होता आणि एका पोरीनं दोन देवींना कुंकू लावून तिसरीकडे मोर्चा वळवला होता. पहारेकरी धावला. त्याचा आवाज ऐकून तिथले साहेब आले, चष्मा लावलेले, सडपातळ. आता हाकलतात असं मला वाटलं. मी पदर खोचून उभी राहिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत बोलून मोकळी झाले, की आमच्याकडे मूर्ती दिसली की लोक असंच करतात, आणि असं का करू नये हे शिकवायलाच मी यांना इथवर आणलंय. साहेब शांतपणे म्हणाले की बरोबर आहे, इथल्या निम्म्या मूर्ती आमच्याकडे आल्या त्या शेंदरासकट आल्या. मग त्यांनी ओला बोळा मागवून त्या पोरीच्या हातात दिला आणि कुंकू तिच्याकडूनच हलक्या हातानं पुसून घेतलं. पुसताना तिला देवीच्या कपाळावरचं कोरलेलं बारीक नक्षीकाम दिसलं. ते तिनं सगळ्यांना बोलावून दाखवलं. नारळ आम्ही बाहेर झाडाखाली फोडून खाल्ला.

साहेबांना मी बाजूला घेऊन आमच्या मूर्तीचं सांगितलं. ते लगेच काही बोलायला लागले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मला सांगू नका आणि पोरांनाही सांगू नका. फक्त जिथे मांडी घालून बसलेल्या मूर्ती आहेत तिथे आम्हाला नेऊन सोडा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एका भिंतीकडे बोट केलं. भिंतीला लागून दोन तऱ्हेच्या मूर्ती शेजारी शेजारी होत्या. पाट्या वाचू नका असं पोरांना बजावून मी खोडरबर गोळा केले.

तासभर तिथे पेन्सिलींची खरखर सोडून आवाज नव्हता. मी ओळीतून फिरत होते. प्रत्येकाला मी एवढंच सांगितलं होतं की डोकं काढू नका, कारण आपल्या मूर्तीला डोकं नाही. मानेखालचंच बघा. आणि डोकं झाकल्याबरोबर पोरांना ते दिसायला लागलं. आधी काकूंच्या मुलाला दिसलं. तो म्हणाला, बाई, ह्या मूर्तीच्या डाव्या खांद्यावरून एक रेघ खाली येते, छातीवरून तिरकी, उजव्या काखेखाली जाते. त्या दुसऱ्या मूर्तीला रेघच नाही. मी विचारलं, रेघ कशाची? कुदळवाल्या बाईची मुलगी त्याच्या शेजारी बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, चीवराची. विहारात भन्तेजी आले होते, त्यांनी असंच पांघरलं होतं. मग पायाच्या घोट्यापाशीही कापडाची कड सापडली. दुसरीकडे कापड कुठेच नव्हतं. एक-दोघं हसायला लागले. मी त्यांना हसू दिलं आणि मग सांगितलं की जगातलं सगळं सोडताना काही माणसांनी वस्त्रही सोडलं, त्यात हसण्यासारखं काय? हसू थांबलं. आणि मग त्या दुसऱ्या मूर्तीच्या छातीवर मधोमध एक चौकोनी, चार पाकळ्यांचं फूल दिसलं. बुद्धाच्या छातीवर ते नव्हतं.

पाट्या वाचायची वेळ आली तेव्हा वर्गानं एका सुरात वाचल्या. चीवर पांघरलेले बुद्ध. छातीवर फूल असलेले जैन तीर्थंकर. जिंतूरच्या डोंगरावर जैनांची जुनी लेणी आहेत, आमच्यातल्या काहींनी ती पाहिली होती. त्यामुळे हे नाव कुणाला परकं वाटलं नाही. पण कुदळवाल्या बाईच्या मुलीनं पाटी वाचली नाही. ती आपल्या कागदाकडे बघत होती. दोन्ही मूर्ती तिनं फार सुरेख काढल्या होत्या. मला त्या क्षणी कळलं की ही पोर आता घरी जाऊन शेंदराखाली काय निघतं याची वाट बघणार, आणि मीही तेच करणार. परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. तिनं फक्त एकच विचारलं, की बाई, रेघ झिजून जाते का? मी म्हटलं, झिजू शकते. ती म्हणाली, अन् फूल? मी म्हटलं, फूल असलं तर तेही.

गावात परतल्यावर खरा पेच पुढे आला. अंगावर रेघ आहे की फूल, हे बघायचं तर शेंदूर काढायला हवा. वस्तीतली माणसं म्हणाली, आत्ता काढा, चांगला खरवडून काढा. दुसरी बाजू उठली. देवाच्या अंगावरचा शेंदूर काढायचा म्हणजे काय खेळ आहे? आणि काढणार कोण, हात कुणाचा लागणार? सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पहिल्यांदाच गप्प बसले, कारण माझा हात लागला असता तर आग भडकली असती.

तेव्हा काकूंचा मुलगा आईला ओढत ओसरीवर घेऊन आला. त्यानं तिला आपला कागद दाखवला. हे बघ, माय, असं असतं आणि असं असतं, आणि आपण जे लावलंय त्याच्या खाली काय आहे ते आपल्यालाच माहीत नाही. कुंकू पुसल्यावर देवीच्या कपाळावर नक्षी कशी निघाली, तेही त्यानं सांगितलं. काकू बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग उठून घरी गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या तेलाची बुधली आणि नारळाची करवंटी घेऊन परत आल्या. लोकांना म्हणाल्या, “मी लावलाय, मीच काढीन. कुनी हात लावायचा न्हाई.”

त्यांनी कोमट तेल चोळलं, शेंदूर मऊ पडू दिला आणि करवंटीच्या कडेनं हळूहळू तो काढू लागल्या. लहान लेकराच्या अंगाचा मळ काढावा तसा त्यांचा हात चालत होता. निघालेली ढेकळं त्या एका परातीत ठेवत होत्या, एकही खाली पडू देत नव्हत्या. अर्धं गाव अंगणात होतं. कुदळवाली बाई ओसरीच्या कडेला उभी, कामावरून तशीच आलेली, हातात विळा. तिची मुलगी माझ्याजवळ. आधी डावा खांदा मोकळा झाला. काळा, गुळगुळीत, कोरा. रेघ नव्हती. तरी मी स्वतःला म्हटलं, झिजली असेल. मग छाती मोकळी होऊ लागली आणि काकूंची करवंटी कशाला तरी अडली. त्यांनी पदराच्या टोकानं पुसलं. चार पाकळ्यांचं फूल, इतकं स्वच्छ, जसं काल कोरलंय.

सरपंच म्हणाले, आता लेकरं सांगतील. वर्गातल्या सगळ्या पोरांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिचीच चित्रं सगळ्यांत चांगली, हे त्यांना ठाऊक होतं. मी तिला खूण केली नाही, धीरही दिला नाही. तिनं आईकडे एकदा पाहिलं. मग पुढे झाली, मूर्तीच्या खांद्याकडे बोट केलं, छातीकडे बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाली, “अंगावर चीवर न्हाई. छातीवर फूल हाय. हा बुद्ध न्हाई.”

एवढं म्हणून ती रडू लागली. मी तिला जवळ घेतलं आणि मलाही रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आम्हा दोघींना तो हवा होता आणि तो आमचा नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. हा जोगीही नाही, बुद्धही नाही, जैन तीर्थंकर आहे म्हटल्यावर भांडण बिनबोभाट मिटलं. दोन्ही बाजू हरल्या होत्या आणि जिंकणारे तिथे कुणी नव्हते. प्रत्येक तीर्थंकराची वेगळी खूण बैठकीवर असते, आणि आमच्या मूर्तीची बैठक खाली फुटलेली होती, त्यामुळे नेमका कोणता तीर्थंकर ते कळायला मार्ग नव्हता, आणि तेही पोरांनीच सांगितलं. पुढे कधीतरी तहसीलची गाडी एकदाची आली आणि मूर्ती घेऊन गेली. हेडमास्तरांनी वर विचारलं होतं, त्याचं उत्तर त्याच्याही नंतर आलं. परवानगी नाकारली होती. मी ते पत्र त्यांना परत दिलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा सातवी घेऊन गेले.

पण त्या संध्याकाळचं अजून राहिलं. लोक पांगल्यावर कुदळवाली बाई ओसरीवर चढली. विळा तिनं खांबाला टेकवून ठेवला. मला वाटलं, आता ही माझा उद्धार करणार, आणि मी त्याला तयार होते.

ती म्हणाली, “बाई, आपल्या लोकायला काय वाटंल, ते तुमाला ठावं न्हवतं का?”

मी म्हटलं, “ठाऊक होतं.”

“अन् तरी लेकराला हे शिकवलं?”

“तरी शिकवलं.”

ती मूर्तीसमोर खाली बसली. तेलानं दगड चमकत होता. दुष्काळात हिनंच तो आपल्या हातांनी मातीतून उचलला होता, आणि इतके दिवस विहाराच्या भिंतीकडे बघून तिनं काय काय ठरवलं असेल, ते मला त्याच वस्तीत राहून पुरतं माहीत होतं. रागावली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिनं मुलीला हाक मारली, शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, की बुद्ध असता तर रेघ कुठं असती, ते मला दाव.

मुलीनं डोळे पुसले. दगडाच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि छातीवरून तिरकं ओढत उजव्या काखेखाली नेलं. आईनं आपलं बोट तिच्या बोटामागून नेलं, एकदा, आणि मग मुलगी थांबल्यावर एकटीनं पुन्हा. मग घोट्यापाशी कापडाची कड कुठे असते ते विचारलं आणि तिथेही बोट फिरवलं. त्या बाईला अक्षर येत नव्हतं. माझ्या उभ्या नोकरीत याहून मोठा तास मी पाहिला नाही.

ती उठली, विळा घेतला आणि पायरी उतरताना मला म्हणाली, “आता पुन्ना खोदताना घावला, तर मला वळकू येईल.”